टोपली क्रमांक एकशे बारा

लोस बान्योसच्या बाजारातून आणल्या
भाजी निथळायच्या प्लास्टिकच्या टोपल्या,
दोनशे चाळीस.
दुकानदारीण हसली:
एवढं कोण जेवायला येतंय, हेर्मिन्या?

कोणी येत नाही.
आम्ही टोपलीत माती भरतो,
मधोमध एक दाणा टोचतो,
आणि टोपलीच्या अंगावर बाहेरून
तांबडी रेघ ओढतो, पन्नास अंशांवर.
रेघेच्या वरच्या भोकांतून निघेल ते मूळ उथळ.
खालच्या भोकांतून निघेल ते खोल.
अठरा वर्षं माझा पगार
या रेघेवर चाललाय.

सहा आठवड्यांनी टोपल्या वर काढायच्या.
फवारा मंद ठेवायचा, अगदी
तान्ह्याचं टाळू धुताना ठेवतात तसा.
एक मूळ तुटलं की एक आकडा खोटा.

खाचरातला वाण मला पाठ आहे.
वर, वर, वर, खाली एखादंच.
पाणी घोट्याशी उभं असताना
विहीर खणायला कोण जाईल?
वरच्या चार बोटांत काय खायचं ते त्याला कळतं,
त्याला आळशी म्हणू नका,
तुम्ही जेवता ते बहुधा तोच.

आणि हा दुसरा, उतारावरचा.
खालून कोणीतरी नाव घेऊन हाक मारावी
तसा सरळ निघतो.

मुत्या सांगते (आमच्या डॉक्टरीणबाई, वय एकोणतीस,
बूट नेहमी चिखलात):
मुळाच्या टोकाशी पिठाचे कण असतात,
वजनानं पेशीच्या तळाशी बसतात,
त्यावरून मुळाला समजतं, खाली म्हणजे कुठे.
मग खाचरातल्याला का नाही समजत?
समजतं गं, पण वळायचं किती,
ते सांगणाऱ्या जनुकात एक अक्षर गळालंय.
एकच.
त्यापुढचं वाक्य मध्येच थांबतं.

माझे वडील बातांगासहून पत्रं लिहायचे,
प्रत्येक ओळीत दोन-तीन अक्षरं गळालेली.
आम्ही वाचून घ्यायचो.
पैसे पाठव, हे तर नेमकं कळायचं.

त्यांच्याकडे रेघ नव्हती.
टोकदार काठीनं उतारावर भोकं पाडत ते पुढे,
मागून आई दाणे सोडत.
नवं बियाणं कोणी दिलं की म्हणायचे,
आधी एक रोप उपटून दाखव.
हातात सहज आलं, तर परत.
न आलं, तर त्या माणसाला जेवायला बसवत.

आज एकशे बारा.
आई खाचरातली, बाप उतारावरचा,
आणि वरून पाहाल तर हुबेहूब आई,
तीच उंची, पानाचा तोच बाक,
फुटवेसुद्धा तेवढेच.
मी फवारा धरला. माती गेली.
वर अकरा.
खाली चौतीस.

पुन्हा मोजलं.
रोदेल्योला चिठ्ठी तपासायला लावली.
तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा मुत्या शेजारी येऊन
उकिडवी बसली होती, काही न बोलता,
आणि तिच्या ओल्या बाहीवरून पाणी
माझ्या वहीवर टपकत होतं.
चौतीसचा आकडा पसरला.
मी तो परत, ठळक, लिहिला.

मग नेहमीसारखं.
कात्री, कागदी पिशवी,
सत्तर अंशांच्या भट्टीत तीन दिवस,
शेवटी वजन: एक ग्रॅमलाही थोडं कमी.
त्याची भावंडं आहेत पाकिटात, थंड खोलीत.
त्यांच्यातलं कोण कुठे जाईल
ते वरून दिसत नाही.

तडकलेल्या टोपल्या आम्हाला घरी नेता येतात.
माझ्या मोरीत तीन आहेत.
रात्री पेचाय धुऊन ठेवते,
पाणी निथळत राहतं,
तांबड्या रेघेच्या वरून, खालून,
आणि मी, हात पुसत,
मोजत असते.